धागा: इलेक्ट्रिशियनचं 'लायसन' म्हणजे नेमका कोणता कागद?

लालबागचा_मामा

मंडळी, भाच्यासाठी विचारतोय.

बहिणीचा मुलगा, आमच्याकडेच वाढला. येत्या दिवाळीत १९ पूर्ण होतील. दहावीला ५४ टक्के. मग सगळे जातात म्हणून कॉमर्सला गेला आणि बारावीत अकाउंट्समध्ये उडाला. तेव्हापासून दीड वर्ष चाळीखालच्या एका मिस्त्रीकडे हेल्पर आहे. झिरी मारणं, पाइप टाकणं, स्प्रिंगनं वायर ओढणं यात हात चांगला बसलाय. गेल्या महिन्यात आमच्या खोलीचं अख्खं वायरिंग त्यानं एकट्यानं बदललं, नवी डीबी (स्विच-फ्यूजची मुख्य पेटी) बसवली. बघून मला कौतुक वाटलं.

परवा मिस्त्रीबरोबर वडाळ्याच्या एका टॉवरच्या कामावर गेला होता. गेटवर सेफ्टीवाल्यानं लायसन मागितलं. मिस्त्रीनं खिशातून लॅमिनेट केलेलं काहीतरी काढून दाखवलं आणि तो आत गेला. हा बाहेर. तासभर उन्हात बसला आणि बस पकडून घरी आला. रात्री जेवला नाही.

आता घरात रोज हाच विषय. बायको म्हणते आयटीआय कर, मिस्त्री म्हणतो आयटीआयवाल्यांना साधा पंखा लावता येत नाही. नाक्यावरचा एक क्लासवाला १२ हजारांत पंधरा दिवसांत 'गव्हर्नमेंटचं सर्टिफिकेट' देतो म्हणतोय. मी आयुष्यभर कापडाच्या दुकानात काम केलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. लायसन म्हणजे नेमकं काय, आणि ते मिळायचा सरळ रस्ता कोणता?

झोपेत_लिहिणारा

वाचतोय. भावाच्या मुलाचं हेच सुरू आहे.

आणि मामा, तो जेवला नाही म्हणजे पोरगं कामाचं आहे. आमचा जेवला असता.

मेगरवाले_काका

मी विजेच्या कामात ३४ वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. जरा सविस्तर लिहितो.

लोक ज्याला लायसन म्हणतात ते तीन वेगवेगळे कागद असतात. हातानं काम करणाऱ्याचा तो वायरमनचा परवाना, सरकारी मराठीत तारतंत्रीचा. कामावर देखरेख करणाऱ्याचं ते पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र. आणि काम अंगावर घेणाऱ्याची ती विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. तिन्ही राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं. जुनी माणसं अजून 'पीडब्ल्यूडीचं लायसन' म्हणतात, कारण पूर्वी विद्युत निरीक्षणाचं खातं बांधकाम विभागाकडे होतं. आता ते ऊर्जा विभागाखाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तुमच्या मिस्त्रीनं खिशातून काढला तो बहुधा वायरमनचा परवाना असणार.

आयटीआयचं सर्टिफिकेट या तिघांत बसत नाही, ते शिक्षण. नळाला पाणी आहे आणि नळ आपल्या नावावर आहे, यात फरक आहे तेवढा. आयटीआय झालं म्हणून परवाना आपोआप घरी येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. हे न कळल्यामुळे आयटीआय होऊन दहा-दहा वर्षं परवान्याविना काम करणारी मुलं मी पाहिली आहेत.

नियम कुठला, तर पूर्वी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम ४५. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आले, त्यात तेच कलम २९ झालं. २०२३ मध्ये ते विनियम नव्यानं आले, गाभा तोच. वायरिंगचं काम लायसनवाल्या ठेकेदारानं घ्यायचं, प्रमाणपत्रवाल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली व्हायचं, आणि हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. सूट कशाला, तर बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला, तेही त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर.

मामा, आता रागावू नका. तुमच्या खोलीचं वायरिंग आणि नवी डीबी या सुटीत बसत नाही. कौतुक करा, पण एकदा परवानेवाल्या माणसाला बोलावून मेगर मारून घ्या.

लालबागचा_मामा

काका, रागावत नाही, घाबरलोय. मेगर म्हणजे?

मेगरवाले_काका

इन्सुलेशन तपासायचं यंत्र. घरातला पुरवठा बंद करायचा, उपकरणं काढायची आणि वायरिंगवर ५०० व्होल्ट डीसी सोडून बघायचं की वायरीतून जमिनीकडे गळती किती आहे. निकाल मेगओममध्ये येतो, किमान १ मेगओम तरी हवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतल्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असलं की काटा उठतो, थरथरतो आणि शून्याकडे पडतो. तो पडताना पाहिला की कळतं, वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून कशी आहे.

माझ्या परीक्षेच्या तोंडीत, १९८६ साली, साहेबांनी हेच विचारलं होतं. पंचवीस पॉइंटच्या जागेचं इन्सुलेशन किती हवं? तेव्हाचा हिशोब असा की ५० ला पॉइंटच्या संख्येनं भागायचं. म्हणजे २ मेगओम. मी घाबरून १२५० म्हणालो, गुणाकार केला! साहेब म्हणाले, "एवढं चांगलं वायरिंग करणार असाल तर आमच्या बंगल्यावर या." पण पास केलं.

शिल्प_निदेशक

मी आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून मिस्त्रींच्या 'पंखा लावता येत नाही' या वाक्यावर उत्तर देणं भाग आहे. अर्धं खरं आहे. दोन वर्षांत मुलगा एकदाही चालू साइटवर गेला नसेल तर पंखा लावताना शिडीवर थरथरणारच. पण मिस्त्रींच्या हेल्परला विचारा की पंख्यात कपॅसिटर कशासाठी असतो. तोही थरथरेल.

आता मुद्द्याचं. आयटीआयमध्ये तुमच्या कामाचे दोन व्यवसाय आहेत (आम्ही ट्रेडला व्यवसाय म्हणतो). वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, आणि तारतंत्री, म्हणजे वायरमन. दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास, विज्ञान-गणितासह. तारतंत्रीला आठवी पासही चालतो. वीजतंत्रीत मोटर, ट्रान्सफॉर्मर, रिवाइंडिंग, कंट्रोल पॅनेल जास्त, तारतंत्रीत वायरिंगवर भर. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, लोकांच्या भाषेत एनसीव्हीटी.

प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीनं, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून. दहावीच्या निकालानंतर सुरू होतो. वय १४ पूर्ण हवं, वर मर्यादा नाही. त्यामुळे १९ म्हणजे उशीर झाला हे डोक्यातून काढा. माझ्या वर्गात एकदा ३१ वर्षांचा रिक्षावाला होता, दोन मुलांचा बाप. सगळ्यात वेळेवर यायचा.

मुंबईत कुर्ला, मुलुंड, लोअर परळ, मांडवी अशा सरकारी संस्था आहेत, दादरला मुलींची वेगळी आहे. लालबागकरांना लोअर परळ चालत जाण्याजोगं. खासगी संस्थाही आहेत, पण फीत फार फरक, आणि प्रवेश घेण्याआधी संस्थेचा तो व्यवसाय आणि ती तुकडी संलग्न आहे का हे बघाच. संस्था खरी पण तुकडी मान्यतेबाहेरची, असले प्रकार पालकांना दोन वर्षांनी कळतात.

अडचण एकच. वीजतंत्रीला सगळ्यांचीच उडी असते. ५४ टक्क्यांवर मुंबईच्या सरकारी संस्थेत पहिल्या फेरीत लागेल अशा आशेवर राहू नका. अर्जात विकल्प भरताना तारतंत्रीही टाका, आणि संस्था एकच न टाकता मुलुंड-कुर्ल्यापर्यंत भरा.

पॉइंटमागे_रेट

बावीस वर्षं धंद्यात आहे, आता माझ्या हाताखाली सात पोरं कामाला आहेत. काका आणि सर पुस्तकातलं बोलतायत ते बरोबरच आहे, पण जमिनीवरचं ऐका.

मुंबईतल्या दहा घरांपैकी किती घरांत वायरिंगवाल्याला कोणी परवाना विचारला? तुमच्या स्वतःच्या घरात विचारलात का? इंटिरियरवाला येतो, पॉइंटमागे रेट ठरवतो, झिरी मारतो, पीओपी मारून झाकतो, गेला. पोरगा हुशार असेल तर चार वर्षांत माझ्यासारखा उभा राहील. दोन वर्षं शाळेच्या बाकावर बसून कानशीनं लोखंड घासून काय मिळणार?

माझ्याकडेही लायसन नव्हतं दहा वर्षं. कधी अडलं नाही.

मेगरवाले_काका

मग अकराव्या वर्षी का घेतलंत?

पॉइंटमागे_रेट

काका 😀

सांगतो. एका दुकानाचं काम केलं होतं. मीटर घ्यायची वेळ आली, वीज कंपनीनं टेस्ट रिपोर्ट मागितला. लायसनवाल्या ठेकेदाराच्या सही-शिक्क्याशिवाय तो चालत नाही. एका ठेकेदाराकडून सही घेतली, त्यानं फक्त सहीचे जेवढे घेतले तेवढे मला अख्ख्या कामात सुटले नव्हते. बरं, तो जागेवर आलासुद्धा नाही. त्या दिवशी डोकं फिरलं. वायरमनची परीक्षा दिली, मग सुपरवायझरची. पहिल्या वेळी नापास. तोंडीत अर्थिंगवर अडकलो. रोज खड्डे खणणारा माणूस मी, पण पाइप किती मिलिमीटरचा आणि किती लांबीचा ते सांगता येईना.

मेगरवाले_काका

३८ मिलिमीटर आतला व्यास, लांबी अडीच मीटर. जीआय पाइपचं. तुम्ही दीड मीटरवर भागवत असणार.

पॉइंटमागे_रेट

नो कमेंट.

सोसायटीचा_गुलाम

मी उपनगरातल्या ५६ घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. 'कोणी विचारत नाही' यावर आमचा किस्सा सांगतो, म्हणजे विचारायला का लागलो ते कळेल.

तीन वर्षांपूर्वी, जुलै महिना. मीटर केबिनमध्ये एका वायरमननं (म्हणजे वायरमन म्हणवणाऱ्या माणसानं) मेनची न्यूट्रल सैल होती म्हणून काढून पुन्हा जोडली. तारेच्या टोकाला लग (धातूचं टोपण) नाही, ते दाबून बसवणं म्हणजे क्रिम्पिंग नाही, पीळ देऊन वर चिकटपट्टी. दोन दिवसांनी रात्री साडेनऊला आमच्या विंगमधले दिवे अचानक लख्ख झाले. अक्षरशः दिवाळी. मुलं टाळ्या वाजवत होती. मग एकेका घरातून वास यायला लागला. चार टीव्ही, दोन फ्रिज, एक वॉशिंग मशीन, राउटर तर किती ते मोजलेच नाहीत. त्याच वेळी वरच्या मजल्यावर मात्र दिवे मिणमिणते, फ्रिज घुरघुरतोय.

नंतर आलेल्या इंजिनिअरनं कागदावर काढून दाखवलं. इमारतीला तीन फेज येतात, प्रत्येक घर एक फेज आणि सामाईक न्यूट्रल यांच्यावर चालतं, २३० व्होल्ट. न्यूट्रल सुटली की दोन फेजवरची घरं एकमेकांच्या मागे साखळीसारखी लागतात आणि त्या साखळीवर ४०० च्या घरात व्होल्ट. ज्या फेजवर वापर कमी, तिच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. आमच्याकडे अर्धी घरं गावाला गेली होती, त्यामुळे घरी राहिलेल्यांचं नुकसान झालं. गावाला गेलेल्यांचं काही नाही! यावरून जनरल बॉडीत जे झालं ते लिहीत नाही.

भरपाईचा प्रश्न आला तेव्हा पहिलं वाक्य: काम कोणाकडून केलं, परवाना क्रमांक? आमच्याकडे त्या माणसाचा फक्त मोबाईल नंबर, तोही बंद. तेव्हापासून केबिनची चावी परवान्याची झेरॉक्स दिल्याशिवाय निघत नाही.

शिल्प_निदेशक

पीळ देऊन चिकटपट्टी! पहिल्या वर्षी मुलांना मॅरीड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट करायला लावतो तेव्हा 'हे आता कोण करतं सर' म्हणतात. मुद्दा तोच जॉइंट करण्याचा नसतो. तार हातात धरून जोड ढिला आणि घट्ट यातला फरक बोटांना कळावा म्हणून ते असतं.

आणि कुठे अपघात झाला, माणूस गेला किंवा जखमी झाला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी लागते. तिथे 'कोणी विचारत नाही' हे वाक्य टिकत नाही.

घाटकोपरची_वीजतंत्री

मी २०१७ ची वीजतंत्री पास. तुकडीत आम्ही तीन मुली होतो. आयटीआयनंतर काय, याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

अ‍ॅप्रेंटिसशिप. ही सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपन्यांना उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय झालेल्याला एक वर्ष. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, एनएसी म्हणतात ते. विद्यावेतन २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला महिना किमान ७००० ठरलं होतं. मुंबईत त्यात लोकलचा पास आणि वडापाव निघतो, घरी द्यायला काही उरत नाही. पण त्या वर्षानं मला जे दिलं ते आयटीआयच्या दोन वर्षांनी नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. मोठी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर पुस्तकात पन्नास वेळा काढला होता, तिथे पहिल्यांदा तो 'खट्ट' करून बदलताना ऐकला. तेव्हा कळलं की टायमर म्हणजे काय.

परवान्यासाठी अर्ज करताना आयटीआय आणि अ‍ॅप्रेंटिसशिपचे कागद जोडले की परीक्षेतून सूट मिळवून परवाना काढता येतो. परीक्षेचा मार्ग पॉइंटवाल्या दादांसारख्यांना, ज्यांनी काम करत करत अनुभव मिळवलाय. त्यात ज्या ठेकेदाराकडे काम केलं त्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदार स्वतः लायसनवाला हवा. मामा, तुमच्या मिस्त्रींना हे आधी विचारा. मिस्त्रींकडे नुसता वायरमनचा परवाना असेल तर भाच्याचं हे दीड वर्ष कागदावर शून्य आहे.

(मुलींसाठी: काम मिळतं. बायका घरात एकट्या असतात तेव्हा मला बोलावतात. शिडी धरू का विचारणारे काका मात्र सुटत नाहीत.)

लालबागचा_मामा

ताई, विचारलं. मिस्त्रीकडे वायरमनचाच परवाना आहे, त्याची मुदतही गेल्या वर्षी संपलीय. गेटवाल्यानं तारीख पाहिलीच नाही!

म्हणजे आमचा प्रामाणिक पोरगा बाहेर आणि एक्स्पायर कागदवाला आत.

सोसायटीचा_गुलाम

मुंबई.

मेगरवाले_काका

नूतनीकरण करून घ्यायला सांगा त्याला. राज्याबाहेर कामाला जायचं असेल तर तिथल्या राज्याच्या मंडळाचं बघावं लागतं हेही सांगा.

आयटीतला_इलेक्ट्रिशियन_नाही

मला एक कळत नाही. ते सरकारी कौशल्य योजनेचं सर्टिफिकेट असतं ना, थोड्या दिवसांचं? माझ्या वॉचमनच्या मुलानं केलंय. टीशर्ट आणि बॅगही मिळाली. ते चालणार नाही का?

शिल्प_निदेशक

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं. २०१५ पासून आहे. त्यात 'पूर्वज्ञानाची मान्यता' नावाचा भाग आहे, आरपीएल म्हणतात. आधीपासून काम येणाऱ्याची थोड्या दिवसांत उजळणी, मग चाचणी, मग प्रमाणपत्र. वाईट नाही. कंपनीत हेल्परऐवजी असिस्टंट म्हणून नाव लागायला उपयोग होतो. पण त्याला परवाना समजू नका, आणि आयटीआयच्या दोन वर्षांच्या जागी तर मुळीच धरू नका. आणि त्या योजनेत उमेदवाराकडून फी घेत नाहीत. कोणी १२ हजार मागत असेल तर तो काय विकतोय ते त्यालाच विचारा.

लालबागचा_मामा

विचारलं. भाच्याला घेऊन गेलो काल. पहिल्या मजल्यावर एक खोली, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, एकावर अशोकस्तंभासारखं काहीतरी. म्हटलं याच्यावर परवाना मिळेल का? तो म्हणाला, "परवाना काय, सगळीकडे चालतं." म्हटलं, चेंबूरच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात चालेल का? (काका, तुमच्या जोरावर बोललो.) म्हणाला, "तुम्हाला शिकायचंय की भांडायचंय?"

भाचा जिना उतरताना हसत होता. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

मेगरवाले_काका

शाब्बास.

डॉकयार्ड_रोड

उशिरा आलो, पण एक रस्ता कोणीच लिहिला नाही. आयटीआय न करता थेट अ‍ॅप्रेंटिस. माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ उमेदवार शाळा आहे. जाहिरातीत तीन गट असतात. दहावीवाल्यांच्या गट 'अ' मध्ये इलेक्ट्रिशियन आहे, दहावीला विज्ञान-गणितासह ५० टक्के लागतात. तुमच्या भाच्याला ५४ आहेत म्हणजे बसतो. प्रवेश परीक्षा असते. कामासोबत शिक्षण आणि वर विद्यावेतन.

पण वय बघा. त्या गटाला १५ ते १९. दिवाळीत १९ पूर्ण म्हणजे जाहिरातीतली तारीख कुठे पडते त्यावर सगळं. आयटीआय झालेल्यांचा गट वेगळा, तिथे २१ पर्यंत.

मी तिथलाच. जहाजावरचं वायरिंग केलं की घरातलं वायरिंग म्हणजे खेळ वाटतो. वाकून, आडवं पडून, घामानं भिजलेल्या हातांनी. तिथे काटकसर फक्त जागेची.

रेल्वेचंही बघा. परळ, माटुंगा, लोअर परळच्या वर्कशॉपांत आयटीआयवाल्यांना घेतात, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. अ‍ॅप्रेंटिसशिप केली म्हणून नोकरी मिळतेच असं नाही, पण रेल्वेच्या खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांना राखीव असतात.

कल्याण_फास्ट

महावितरण विसरलात. विद्युत सहाय्यक. वीजतंत्री किंवा तारतंत्री, दोन्ही चालतात. २०२३ च्या शेवटी ५३४७ जागांची जाहिरात आली होती. पहिली तीन वर्षं मानधनावर, पहिल्या वर्षी १५ हजार, मग १६, मग १७, नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित. पण पोस्टिंग कुठे येईल सांगता येत नाही, आणि वादळात खांबावर चढायची तयारी हवी. आईला आधी विचारा.

अरबी_समुद्र

दुबई-कतारला जायचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेवा: एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदणी केलेला आहे का ते ई-मायग्रेटवर बघा, आणि त्याला उमेदवाराकडून ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. माझ्याकडून २०१४ साली सव्वा लाख घेतले. ट्रेड टेस्टला अंधेरीत पत्र्याच्या शेडमध्ये एक बोर्ड वायर करायला दिला होता, वीस मिनिटं. मी केला, बाजूच्यानं केला नाही, दोघंही निवडले गेलो.

पॉइंटमागे_रेट

मामा, एक सांगू का. मी वर जे लिहिलं ते पहिल्या दिवशी जोशात लिहिलं. माझा मुलगा यंदा दहावी झालाय. त्याला काय करायला लावलं? आयटीआयचा फॉर्म भरलाय. आणि रविवारी माझ्यासोबत साइटवर नेतो.

भाच्यालाही तेच सांगा. आयटीआय करायचं, पण रविवार सोडायचा नाही. हाताची सवय मोडली की परत बसायला वेळ लागतो.

शिल्प_निदेशक

याला म्हणतात प्रतिसाद.

आणखी एक दार उघडं ठेवा. दोन वर्षांचं आयटीआय झालं की पदविकेच्या, म्हणजे डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन, माटुंग्याची व्हीजेटीआय अशा ठिकाणी इलेक्ट्रिकलची पदविका आहे. पदविका असली की सुपरवायझरच्या प्रमाणपत्राचा रस्ता जवळचा होतो. गणिताची भीती असेल तर आत्ताच नको म्हणा, पण दार आहे हे माहीत असू द्या.

लालबागचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्म भरला. काकांच्या सांगण्यावरून घरात मेगर मारून घेतला. परवानेवाले गृहस्थ आले होते. बाकी सगळं ठीक, फक्त मोरीच्या बाजूच्या सर्किटचा काटा खाली गेला. भिंत फोडली तर पाइपच्या वळणावर वायर सोलली गेली होती. ओढताना जोर लावला असणार. भाचा तोंड पाडून बघत होता. त्यांनी डीबीत ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबीही (गळती झाली की वीज तोडणारं स्विच) बसवून दिलं, 'हे आधी का नव्हतं' म्हणाले. भाच्यानं उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला तेच विचारून आला.

निकाल लागला की कळवतो.

झोपेत_लिहिणारा

धागा वर काढतोय. मामा, काय झालं?

लालबागचा_मामा

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत मुलुंड, तारतंत्री. वीजतंत्री कुठेच लागलं नाही. घरात पुन्हा दोन तट. घ्यावं की पुढच्या वर्षी परत भरावं? माझगाव डॉकच्या तारखेत चार महिन्यांनी बाहेर पडला.

घाटकोपरची_वीजतंत्री

घ्या. डोळे मिटून घ्या. परवान्याला तारतंत्री चालतो, महावितरणला चालतो, अ‍ॅप्रेंटिसशिपला चालतो. मोटर रिवाइंडिंग नंतर शिकता येईल. वर्ष परत येत नाही.

पॉइंटमागे_रेट

+१. आणि मुलुंडला जाताना सकाळच्या स्लोनं उलट्या दिशेला बसायला जागा मिळते, हा वेगळा फायदा.

मेगरवाले_काका

घ्या. घरापासून चिंचपोकळी स्टेशन जवळ आहे, तक्रार नको.

लालबागचा_मामा

घेतलं. कालपासून जायला लागला. खाकी पँट शिवून घेतली, शिंप्यानं दोन इंच आखूड केली.

संध्याकाळी आल्यावर विचारलं, पहिल्या दिवशी काय शिकवलं? म्हणाला, काही नाही मामा. सरांनी सगळ्यांच्या खिशातले टेस्टर गोळा करून कपाटात ठेवले. न्यूट्रल तुटली की टेस्टर दोन्ही पिनांवर लागतो आणि तुम्ही फसता म्हणाले. मग प्रत्येकाला होल्डर, बल्ब आणि दोन वायरी देऊन सिरीज लॅम्प करायला लावला.

आत्ता तो स्वयंपाकघरातल्या प्लगवर घालून बघतोय. बायको म्हणते आधी चहा पी.

शिल्प_निदेशक

मुलुंडला आहे ना तो? कपाटातले टेस्टर परत मिळतील. दुसऱ्या वर्षी.